गाडी तीच, भाव मात्र चार

२०२५ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळीच दारावरची बेल वाजली. दारात पंचविशीतला एक तरुण आणि त्याच्यामागे, चपला कुठे काढाव्यात या विचारात असलेले त्याचे वडील. आमची गाडी पाहायला ते सांगली जिल्ह्यातून पहाटेच निघून आले होते. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि मग त्या वडिलांनी अगदी सरळ प्रश्न विचारला, "साहेब, खरं सांगा. अकरा वर्षांच्या जुन्या गाडीला एवढे पैसे का द्यायचे? आणि मुलगा म्हणतो, मिळतेय तर सोडू नका. हे गणित काय आहे?"

मी आयुष्यभर बँकेत आकडे मांडले. पण या गणिताचे उत्तर मला पटकन देता आले नाही. कारण या एकाच गाडीचे गेल्या पाच-सहा वर्षांत मी चार वेगवेगळे भाव ऐकले होते. गाडी तीच, चाके तीच, रंगही तोच. बदलत होते ते बाहेरचे जग.

माझ्या वडिलांना हा प्रश्न कधी पडला नसता. त्यांनी नंबर लावून बजाजची चेतक घेतली होती. नंबर लागायला वर्षे जात आणि म्हणून वापरलेली स्कूटर कित्येकदा नव्या स्कूटरच्या किमतीपेक्षा जास्त भावाने विकली जाई. तेव्हा 'नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव पडतो' हे वाक्यच कुणाला समजले नसते. नवे मॉडेल येतच नव्हते, आणि जे होते ते हाती लागत नव्हते. आपल्या पिढीने टंचाईचा तो बाजारही पाहिला आणि आता दर सहा महिन्यांनी काहीतरी 'नवे' आणणारा बाजारही पाहतो आहे. या दोन बाजारांतला फरक मला आमच्या थोरल्याच्या गाडीने शिकवला.

थोरल्याने २०१४ साली पोलो जीटी टीएसआय घेतली. फोक्सवॅगनची ही गाडी आपल्या चाकणलाच तयार होत असे. २०१३ च्या एप्रिलमध्ये ती बाजारात आली तेव्हा दिल्लीतली शोरूमची किंमत होती ७ लाख ९९ हजार. आमच्या दारात उभी राहीपर्यंत कर, विमा वगैरे धरून साडेनऊ लाखांच्या घरात गेली. इंजिन १.२ लिटरचे, म्हणजे दिसायला लहानच. पण टर्बोच्या फुंकरीने १०५ घोड्यांची ताकद देणारे, आणि जोडीला सात गिअरचा स्वयंचलित डबा. मी त्याला विचारले होते, "अरे, पाच माणसंच बसणार ना? मग साध्या गाडीपेक्षा दोन-अडीच लाख जास्त कशासाठी?" तो हसून म्हणाला, "बाबा, एकदा खंबाटकीचा घाट चढून बघा."

अशा गाड्यांना जगभर 'हॉट हॅचबॅक' म्हणतात. घर साधे, पण आत पैलवान राहतो, अशी ही चीज. बाजारात जायला, मुलांना शाळेत सोडायला चालते आणि रविवारी मालकाच्या अंगातले वारेही उतरवते. या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९७६ साली विक्रीला आलेल्या गोल्फ जीटीआयमुळे. कंपनीचा मूळ बेत फक्त पाच हजार गाड्या काढण्याचा होता. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर गाड्या खपल्या. १९८४ मध्ये फ्रान्सची प्यूजो २०५ जीटीआय आली आणि युरोपातल्या तरुणांना वेडच लागले. या दिग्गजांपुढे आमची पोलो जीटी म्हणजे 'हॉट' नव्हे, फार तर कोमट, असे दर्दी लोक म्हणत. पण आपल्याकडे तेवढ्या पैशांत तेवढी तरी ऊब दुसरीकडे कुठे होती? २०१५ मध्ये रांजणगावला बनलेली १४५ घोड्यांची अबार्थ पुंटो ९ लाख ९५ हजारांना आली, २०१७ मध्ये मारुतीची बलेनो आरएस आली. बस, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

२०२० च्या जानेवारीत थोरला नोकरीसाठी परदेशी गेला आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. विकायची असे ठरले. आमच्या भागातल्या जुन्या गाड्यांच्या एजंटाला बोलावले. त्याने गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, टायरवर टिचकी मारली आणि म्हणाला, "काका, चार साठ." म्हणजे चार लाख साठ हजार. हा पहिला भाव. विचार करून सांगतो, म्हटले आणि तिथेच फसलो. मार्चमध्ये पोलोचे नवे इंजिन आले. प्रदूषणाचे नवे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू होणार होते, म्हणून जुने १.२ लिटरचे इंजिन जाऊन त्या जागी १ लिटरचे, ११० घोड्यांचे इंजिन बसले. गिअरचा डबाही बदलला. मग टाळेबंदी आली, उठली आणि तोच एजंट पुन्हा दारात. "काका, आता तीन नव्वद. तुमचं इंजिन बंद झालं ना!"

मला रागच आला. अरे, इंजिन बंद झाले म्हणजे काय? खाली पार्किंगमध्ये ते किल्ली फिरवताच सुरू होत होते! पण बाजाराच्या भाषेत 'बंद' या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. तो समजून घेण्यासारखा आहे, कारण तुम्ही-आम्ही गाडी विकताना नेमके इथेच गोंधळतो.

नवे मॉडेल येते तेव्हा जुन्याच्या किमतीवर तीन बाजूंनी दाब येतो. पहिला दाब शोरूमकडून. त्यांच्या आवारात जुन्या मॉडेलचा माल उभा असतो. तो काढण्यासाठी ते सूट देतात. नवीकोरी गाडीच लाखभराने स्वस्त झाली, तर वर्षभर वापरलेली आपल्या जुन्या भावात कोण घेणार? बलेनो आरएसचे उदाहरण घ्या. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिची किंमत एकदम एक लाखाने कमी करण्यात आली. आधी घेतलेल्यांच्या गाडीला त्या दिवशी ओरखडासुद्धा उठला नव्हता. पण त्यांच्या भावाचे छत मात्र खाली आले. दुसरा दाब आपल्यासारख्याच मालकांकडून. नवे घेण्यासाठी बरेच जण एकाच वेळी जुनी गाडी बदली देतात आणि बाजारात एकाच जातीचा माल साठतो. आंब्याच्या मोसमात आंबा उतरतो, त्यातलाच प्रकार. ब्रिटनमध्ये तर याचे पंचांगच आहे. तिथे दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये नंबरपाटीवरचा वर्षाचा आकडा बदलतो. नव्या आकड्याच्या हौसेने लोक नव्या गाड्या घेतात आणि त्या दोन महिन्यांच्या सुमारास जुन्या गाड्यांचा पूर येतो. तिसरा दाब मनाचा. काल जी 'चालू मॉडेल' होती ती आज 'जुना आकार' झाली, एवढेच.

हे झाले साध्या गाडीचे. गंमत अशी की, हॉट हॅचबॅकच्या बाबतीत हे गणित पुष्कळदा उलटे फिरते. कारण इथले गिऱ्हाईक थोडे, पण हट्टी. त्याला नवे हवे असतेच असे नाही. त्याला 'ते' हवे असते. नवे मॉडेल आधीपेक्षा फार महाग निघाले तर तो जुन्याकडे वळतो. होंडा सिव्हिक टाईप आर २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ३१ हजार पौंडांना आली होती. २०२२ मध्ये तिची पुढची पिढी आली ती ४७ हजारांच्या घरात. नव्याची पायरीच इतकी उंच झाली की, जुनीला आपोआप आधार मिळाला. नव्या मॉडेलमधून काही काढून टाकले तरी तेच. गोल्फ जीटीआयच्या आठव्या पिढीत २०२० साली बटणे जाऊन बोट फिरवायच्या पट्ट्या आल्या, त्यावर इतकी ओरड झाली की २०२४ च्या सुधारणेत सुकाणूवरची बटणे परत आणावी लागली. मात्र त्याच वेळी हाताने टाकायचा गिअर गेला. ज्यांना क्लच दाबण्यातच आनंद आहे, त्यांच्यासाठी जुन्या गाडीचे मोल त्या दिवशी वाढले. उलट उदाहरण आपल्याकडचे. ह्युंदाईच्या आय२० एन लाईनमध्ये २०२१ साली क्लचचे पेडल नसलेला गिअर होता. २०२३ च्या नव्या रूपात त्याच्या जागी रीतसर क्लचचा सहा गिअरचा डबा आला. दर्दी ज्याची वाट पाहत होते तेच नव्यात मिळाले, तर जुन्याकडे तो कशाला पाहील?

आणि सगळ्यात मोठी उलथापालथ होते ती नवे मॉडेल येतच नाही तेव्हा. पोलोची पुढची पिढी युरोपात २०१७ मध्येच आली होती. पण तिची लांबी चार मीटरच्या पाच सेंटिमीटर पुढे गेली. आपल्याकडे छोट्या गाडीची करसवलत चार मीटरच्या आतल्या गाडीलाच. ती पोलो इकडे आलीच नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये कंपनीने ७०० गाड्यांची निरोपाची आवृत्ती काढून पोलोचे भारतातले दुकान आवरते घेतले. आणि काय सांगू! महिन्याभरात आमचा फोन खणखणू लागला. तोच एजंट, तोच आवाज, पण साखरेत घोळलेला. "काका, पाच दहा देतो. आजच्या आज."

पाच लाख दहा हजार! दोन वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी भाव पडला, त्याच कारणासाठी आता चढला होता: 'बंद झाली'. आधी जुने इंजिन बंद झाले म्हणून ती टाकाऊ; आता गाडीच बंद झाली म्हणून ती दुर्मिळ. शिवाय करोनानंतर चिप्सचा तुटवडा होता, नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने थांबावे लागत होते आणि जगभर जुन्या गाड्यांचे भाव चढले होते.

विमा एजंटाचीही तीच तऱ्हा. आपल्याकडे विम्यासाठी गाडीची किंमत ठरवायचा तक्ता असतो. सहा महिन्यांच्या आत पाच टक्के घट, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, असे करत पाच वर्षांपर्यंत निम्मी. पण पाच वर्षांपुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलसाठी तक्ता नाही. तिथे मालकाने आणि कंपनीने आपसांत ठरवायचे. "काका, किती लिहू?" असे त्याने मला विचारले तेव्हा माझ्या लक्षात आले की, ज्या गाडीची किंमत मलाच सांगायची आहे, तिची खरी किंमत कुणालाच ठाऊक नाही.

त्या वेळी आमची ही म्हणाली, "अहो, देऊन टाका. घरात आलेली लक्ष्मी परत पाठवू नये." पण भाच्याने डोक्यात भरवले, की ही गाडी आता सोन्यासारखी वाढत जाणार. मलाही तोवर ती चालवायची चटक लागली होती. मंडईतून भाजी आणताना उड्डाणपुलावर मी उगाचच पाय दाबत असे, हे घरी ठाऊक नव्हते. थांबलो. आणि वाचकहो, ती माझी चूक झाली.

दुर्मिळ असणे वेगळे आणि अमर असणे वेगळे. प्यूजो २०५ जीटीआयसारख्या गाड्या आज संग्राहक जपून ठेवतात, हे खरे. पण त्याआधी त्यांचे बरे दिवस कधीच सरले होते. ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास अशा गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या, विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले आणि विकायला निघालेल्याला गिऱ्हाईक मिळेना. त्या खड्ड्यातून किती गाड्या वाचल्या? भंगारात गेलेल्यांचा हिशेब कुणी सांगत नाही, आपण फक्त वाचलेल्यांची किंमत ऐकतो. शिवाय आपल्याकडे खाजगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षांची मुदत असते, त्यानंतर पुन्हा तपासणी आणि पुन्हा कर. जसजसे ते वर्ष जवळ येते, तसतसे गिऱ्हाईक मागे सरकते.

मग आला चौथा भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा वस्तू आणि सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा एक टक्क्याचा अधिभारही गेला. गणित सोपे आहे. कर धरून दहा लाखांना मिळणारी छोटी पेट्रोल गाडी त्या एका दिवसात साधारण ८५ हजारांनी स्वस्त झाली. एकही नवे मॉडेल न येता प्रत्येक गाडीच जणू नवी होऊन शोरूममध्ये उभी राहिली, आणि तुमच्या-माझ्या दारातली प्रत्येक गाडी जुनी झाली. एजंट म्हणाला, "काका, तीन चाळीस. उद्या तेही नाही."

आता त्या रविवारकडे येतो. सांगलीकडून आलेले ते बापलेक एजंटामार्फतच आले होते. आदल्या रात्री त्याने मला फोन करून बजावले होते, "पाण्याचं काही बोलू नका हं काका."

पाण्याची गोष्ट अशी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, त्यात माणसे गेली, संसार वाहून गेले. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कमरेएवढे नाही, पण दाराच्या उंबऱ्यावरून आत शिरेल एवढे पाणी आले. गाडी आम्ही सुरू केली नाही, उचलून नेली. आतली सतरंजी, बसायच्या जागा काढून सगळे वाळवले, वायरींचे दोन जोड बदलले. नंतर कधी त्रास झाला नाही. पण झाले ते झाले.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये एक निबंध लिहिला तो नेमका जुन्या गाड्यांच्या बाजारावर. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला, आणि पुढे २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खोटीच असेल असे धरून भाव पाडतो. त्या पडलेल्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खोट्या गाड्याच तेवढ्या उरतात. तात्पर्य, माझ्या लपवाछपवीचा दंड उद्या कुणातरी प्रामाणिक माणसाला भरावा लागतो.

हॉट हॅचबॅकमध्ये तर ही शंका दुप्पट. आधीच्या मालकाने गाडी कशी पिटाळली असेल, इंजिनाच्या संगणकात काही फेरफार करून ताकद वाढवली असेल का, कोण सांगणार? म्हणूनच छेडछाड न केलेली, कागदपत्रे नीट असलेली गाडी चार पैसे जास्त मिळवते. नवे मॉडेल कधी यावे हे आपल्या हातात नाही. कागद जपणे आणि खरे बोलणे एवढेच आपल्या हातात आहे.

मी कपाटातून फाईल काढली आणि त्या वडिलांसमोर वर्कशॉपचे बिल ठेवले. "पुराचं पाणी शिरलं होतं. हे काम केलं. त्यानंतर सहा वर्षं मी स्वतः चालवतोय." मुलाचा चेहरा पडला. एजंटाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला सुरुवात केली. वडिलांनी चष्मा लावून ते बिल ओळ न् ओळ वाचले, घडी घातली आणि विचारले, "दुसऱ्या कुणी हे सांगितलं नसतं. आणखी काही आहे?"

"मागचा बंपर मी स्वतः खांबाला घासलाय," मी म्हणालो.

ते पहिल्यांदाच हसले. सौदा तीन पंचवीसला झाला. एजंटाच्या अंदाजापेक्षा पंधरा हजार कमी, आणि २०२२ च्या भावापेक्षा एक लाख पंच्याऐंशी हजार कमी. मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मी सह्या केल्या. थोरल्याला फोनवर सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, पैशाचं जाऊ द्या. घाट चढलात की नाही एकदा तरी?"

चढलो होतो. त्याला सांगितले नव्हते, इतकेच.

आज कुणी मला विचारले की नवे मॉडेल येतेय, गाडी आधी विकू की नंतर, तर मी सांगतो: विकायचीच असेल तर बातमी कानावर येताच विका, आणि ठेवायची असेल तर भावाचे आकडे ऐकणे सोडून द्या. गाडी ही गुंतवणूक नव्हे. ती वापरून संपवायची वस्तू आहे, दसऱ्याला हार घालून रोज कामाला लावायची. आमचे अकरा वर्षांत सव्वासहा लाख गेले असे कागद म्हणतो. मी म्हणतो, ते घाटात, पावसात आणि मंडईच्या वाटेवर खर्च झाले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा ही म्हणाली, "आता भाजी आणायला रिक्षानं जावं लागणार." परवा त्या तरुणाच्या वडिलांचा फोन आला होता. गाडी नीट चालते आहे, म्हणाले. बंपर मात्र त्यांनी रंगवून घेतला.